उजवीकडची चमकी

फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरली, तशी सीतालक्ष्मीला आधी कवटी दिसली आणि मग चमकी.

एक्स-रे तिला नवा नव्हता. १९६२ साल होतं, छातीचा फोटो काढून आलेली माणसं तंजावुरात गल्लोगल्ली होती. पण हा डोक्याचा फोटो होता, समोरून काढलेला. कडेनं पांढरी हाडं, आत मधोमध दोन काळी डबकी, आणि नाकाच्या जागी एका बाजूला पांढराशुभ्र ठिपका. खाली कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. ठिपका मात्र कुठल्याही बाईला वाचता आला असता.

म्हणजे कवटी बाईची होती. आणि ती शेषगिरीरावांनी, तिच्या नवऱ्यानं, हॉलमधल्या कृष्णाच्या तसबिरीमागे लपवली होती. गोकुळाष्टमी आली म्हणून तिनं तसबीर पुसायला उतरवली, नाहीतर तिला जन्मात कळलं नसतं.

तिनं फिल्म पुन्हा धरली. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे तिनं स्वतःला दोनदा समजावलं. चमकी उजव्या नाकपुडीत होती. त्यांच्या मराठी घरात, पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी काढूनही, बायका नाक डावीकडेच टोचत. उजवीकडे टोचत त्या तमिळ बायका.

अलमेलुची चमकी उजवीकडे होती.

अलमेलु स्वैपाकीण. पोंगलच्या सुमाराला शेषगिरीरावांनी तिला घरात आणलं, बायकोला न विचारता. घरात धडधाकट बायको असताना स्वैपाकीण कशाला, याला त्यांचं उत्तर एकच, "तुला आराम होईल." अलमेलुचा नवरा कुंभकोणच्या एका हॉटेलात आचारी होता आणि सणावारी तोंड दाखवायचा. आराम कसला होतोय? दूध उतू जायचं, सांबारात मीठ दोनदा पडायचं, एकदा तर चूल तशीच भडकत राहिली. सीतालक्ष्मी रागावली की अलमेलु मान खाली घालून "माझीच चूक, अम्मा" म्हणायची. शेषगिरीरावांनी तिला एका शब्दानं टोकलं नाही. उलट दोघं मागल्या दाराशी काहीतरी कुजबुजायची आणि सीतालक्ष्मी आली की गप्प व्हायची. विहिरीकडच्या दाराची किल्लीसुद्धा हल्ली शेषगिरीरावांच्या कमरेला असे.

आणि ती शेषगिरीरावांची मद्रासची फेरी. शाळेच्या कामाला गेलो होतो, असं ते म्हणत. त्या दिवसांचं तिला धड आठवत नव्हतं, डोकं इतकं दुखत होतं की उशीवरून उचलवत नव्हतं. जरा बरं वाटलं तेव्हा कपाटावर मद्रासच्या दुकानाची पिशवी होती आणि अलमेलु तिच्या तळपायांना तेल चोळत होती. त्या तेलाचा तिला आता संताप आला.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली. फोटो काढताना दागिने उतरवायला लावतात. या बाईनं चमकी उतरवली नव्हती. नवरा असताना सवाष्ण चमकी काढत नाही. म्हणजे त्या खोलीत ती कुणाची तरी बायको म्हणून पडली होती. बाहेर नवरा म्हणून कोण बसला होता, ते तसबिरीमागून निघालं होतं.

दुपारी शेषगिरीराव आले आणि हॉलमधल्या ऊंजलीवर, झोपाळ्यावर, टेकले. तिनं फिल्म त्यांच्या मांडीवर टाकली.

"अलमेलुला मद्रासला तुम्ही नेलंत?"

त्यांनी फिल्मकडे पाहिलं. मग ऊंजल पायानं थांबवली.

"अलमेलु इथंच होती. घर राखत."

"खोटं. कोण हें मग?"

त्यांनी फिल्मच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली.

"लपवलंत कशाला?"

"तुला त्रास नको म्हणून."

"त्रास! काय झालंय तिला, तें तरी सांगा."

"विसरते ती," ते हळू म्हणाले. "पाठीच्या कण्यांतून डोक्यांत हवा भरून फोटो काढला. हीं काळीं डबकीं पाहिलींस? तीं एवढीं मोठीं नसावींत. मेंदू आटत चाललाय म्हणाले डॉक्टर."

सीतालक्ष्मीला क्षणभर वाईट वाटलं. मग दूध, मीठ, चूल सगळं आठवलं.

"तरीच," ती म्हणाली. "मग कुंभकोणला पाठवा तिला. तिचा नवरा बघेल."

"नवराच बघतोय गे."

इतक्या उघडपणे ते बोलतील असं तिला वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि हा माणूस ऊंजलीवर बसून हे सांगतोय. स्वयंपाकघराच्या दारात अलमेलु पदरानं डोळे पुसत उभी होती.

"आज दिवेलागणीच्या आंत ती ह्या घरांतून गेली पाहिजे," सीतालक्ष्मी म्हणाली. "नाहीतर मी जाते, चंद्रमतीकडे त्रिचीला. लेक मला बाहेर नाही काढायची."

शेषगिरीराव उठले. त्यांनी फिल्म तिच्यासारखीच उजेडात धरली, मग हळूच पालटली. कोपऱ्यातलं अक्षर सुलट झालं. ठिपका डाव्या नाकपुडीत गेला.

"उलटी धरली होतीस, सीते," ते म्हणाले. "नाकांतली मूक्कुत्ती काढा म्हणून नर्सनं किती विनवलं. मी जिता आहें तोंवर काढणार नाहीं, म्हणून तूंच हट्ट धरलास."