सोंगातला चट्टा

सोपान आरशापुढे बसून गालावरचा चट्टा खोबरेलाच्या फडक्याने पुसत होता. तेवढ्यात पडदा सारून भागुबाई आत आली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या हातात कागदाची पुडी होती.

भाजे गावच्या शाळेपुढे खेळ नुकता संपला होता. आरोग्य खात्याचं कलापथक महारोगाचा वग घेऊन गावोगाव हिंडायचं, आणि त्यात रोग्याचं काम सोपानचं. काम असं झकास करायचा की बाया डोळ्याला पदर लावायच्या. भागुबाईने हा खेळ मागच्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात पाहिला होता, आज गावात आला म्हणून पुन्हा पाहिला. दोन्ही वेळा रडली. बाकीच्या बाया सोपानच्या कामावर रडल्या, ही त्याला खराच रोगी समजून रडली, एवढाच फरक. सरकारने एक रोगी गाठून त्यालाच त्याची कर्मकहाणी सांगायला लावलीय, असा तिचा समज. हसायचं तर खुशाल हसा. तिला त्या आठवड्यात हसू आलेलं नव्हतं.

कारण वगाच्या शेवटी गाणं होतं, काटा टोचून बघा म्हणून. टोचलेलं कळलं नाही की समजा काहीतरी आहे आणि डॉक्टरकडे या. बाजारातून परतताना बायांनी वाटेतच बाभळीचे काटे मोडून घेतले, एकमेकींना टोचलं, ओरडल्या, खिदळल्या. भागुबाईने स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं. काही कळलं नाही. दुसऱ्या बोटाला टोचलं, तेही मुकं.

तेव्हापासून ती चिक्कीच्या कारखान्यात गेली नव्हती. घरी सांगितलं, पाठ धरलीय. आपली ताटली ती वेगळी घासून वेगळी ठेवायची. आणि ज्या नातवाला एरवी खाली ठेवायची नाही, त्याला तिने बोट लावलं नव्हतं. पोरगं हात पसरायचं आणि ही चूल फुंकायला उठायची. सून हिरी आधी रुसली, मग भांडली, आता बोलतही नव्हती. रात्रंदिवस एकच घोर, या हातांनी आता पोर घ्यायचं नाही म्हणजे जगायचं तरी कशाला.

डॉक्टरकडे जायची तिची छाती नव्हती. तो नाव लिहून घेईल, कुठंतरी नेऊन टाकील. त्यापेक्षा ज्याला रोग आहे त्यालाच विचारावं, तो खोटं कशाला बोलेल. बिचाऱ्याला वगात कुणी पाणीसुद्धा देत नाही, म्हणून घरात असलेली चिक्की तिने बांधून आणली. तिच्या हातची असली म्हणून काय झालं, त्याला आता आणखी काय व्हायचं होतं?

आणि तो रोगी तिच्यासमोर रोग पुसत बसला होता. अर्धा गाल स्वच्छ झालाही होता.

सोपानने वळून पाहिलं. "रंग आहे मावशी," तो म्हणाला. "सोंगाचा."

भागुबाई पेटीवर मटकन बसली. थोडा वेळ त्या फडक्याकडे बघत राहिली. मग तिने पुडी बाजूला ठेवून दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"मंग माजाबी पुसून द्या."

सोपानला हसू फुटणार होतं, ते तिचं तोंड बघून विरलं. बाहेर जीपपाशी पथकाबरोबरचे डॉक्टर चहा पीत होते, त्यांना त्याने हाक मारली. भागुबाई निघून जायला उठली, तर हा वाटेत आडवा.

डॉक्टरांनी तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले. तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात मनगटावर, हाताच्या पाठीवर, कोपरापाशी हलकेच टेकवली. कळेल तिथं बोट ठेवायचं. भागुबाईने प्रत्येक वेळी नेमकं ठेवलं. बोटांच्या टोकांना मात्र काही कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, मावशी, काम काय करता?

चिक्कीचं, तिने सांगितलं. लगीन झाल्यापासून. कढत पाक पाटावर घ्यायचा, हाताने थापायचा, लाटायचा.

डॉक्टरांनी तिच्या बोटावर नखाने टकटक केलं. "हे घट्टे आहेत. चटके खाऊन कातडी जाड झालीय. तुम्हाला महारोग नाही."

तिने पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. तरी ती सोपानकडे बघत राहिली, तेव्हा त्यानेही सांगितलं. मग ती पदर तोंडात धरून जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. डॉक्टर सोपानला म्हणाले, गाण्यात आजच घाल, राबणाऱ्यांनी बोटांची टोकं टोचू नयेत. सोपान ओशाळला. आपल्यामुळे या बाईचा जीव आठवडाभर टांगणीला लागला, याचं त्याला वाईट वाटलं. पण इतकी दाद आजवर कुणी दिली नव्हती, हेही त्याच्या मनात आलंच. त्याने तिची चिक्कीची पुडी सोडली, एक तुकडा डॉक्टरांना दिला, एक स्वतः तोंडात टाकला.

बाहेर लोहगडावर अजून ऊन होतं. शाळेच्या ओट्यावर हिरी पोराला घेऊन तोंड फिरवून उभी होती. भागुबाईने तिच्या कडेवरून पोर ओढून घेतलं. त्याने आजीचं बोट धरून तोंडात घातलं आणि नव्या दातांनी करकचून चावलं.

"अवो आत्याबाई, सोडवा की. दुकत न्हाई व्हय?"

"न्हाई गं," भागुबाई हसत म्हणाली. "कायबी कळंना."