लंडनच्या आचाऱ्याची पंगत

“पाव्हणा आमच्या तुकडीचा हाय!” मोटार थांबायच्या आधीच भावकीच्या दुसऱ्या तुकडीतल्या लालासाहेबांनी जाहीर करून टाकलं. “त्येचा बा केरबा म्हंजी माझ्या चुलत्याचा चुलता.”

“गप बसा वो,” सरपंच नानासो लोखंडे म्हणाले. “केरबा आमच्यातला. घरदार घेऊन मुंबईला गेला त्यो.”

खरं तर केरबा दोघांनाही आठवत नव्हता. पण दोन महिन्यांपूर्वी लंडनहून पत्र आलं होतं. खाली सही, अर्जुना केरबा लोखंडे. पोरवयात बोटीवर भांडी घासायला लागलेला माणूस आता तिकडं तीन हॉटेलांचा मालक होता, आणि गावच्या मुलींसाठी दहिवडीला बोर्डिंग बांधून देणार होता. आडनाव जुळत होतं. एवढ्यावर माण तालुक्यात भावकी सिद्ध होते.

नानासोंना बोर्डिंग हवंच होतं. त्यांची लेक आक्काताई सातवीत पहिली आली होती. पुढची शाळा दहिवडीला, अकरा मैलांवर. राहायची सोय झाली नाही, तर वैशाखात तिला उजवायची असं घरात ठरलेलं. पोरगी त्या दिवसापासून बापाशी बोलत नव्हती.

पाव्हण्याची अट एकच होती. आधी सगळं गाव त्याच्या हातचं जेवणार, मग सही. एकही माणूस उपाशी उठायचा नाही.

आणि इथंच नानासोंची पंचाईत होती. त्यांची आई बनुबाई परक्याच्या हातचं खात नसे. लग्नाला गेली तरी फडक्यात आपली भाकरी बांधून नेई.

मोटारीतून पंचावन्नीचा, सुटाबुटातला माणूस उतरला. बनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. पाव्हणा दोन पायऱ्या खाली सरकला, वाकला आणि त्यानं तोंडापाशी ओंजळ धरली.

सगळी आळी हसली. “लंडनात भांडी मिळत न्हाईत व्हय?” लालासाहेब म्हणाले. पाव्हणाही हसला. धुळीचं तोंड धुवायचं असेल, असं नानासोंनी मनाशी धरलं.

बनुबाई तेवढी हसली नाही. “हातात घे की रं तांब्या,” असं म्हणून तिनं तो त्याच्या हातात कोंबला आणि आत निघून गेली.

झालं, म्हातारीचं बिनसलं, नानासोंना वाटलं.

अंगणात चर खणून चुलवण पेटलं. गावाला वाटलं होतं, काहीतरी विलायती मिळेल. पाव्हण्यानं कोट खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या आणि पुरणाला डाळ चढवली. पोळ्या तो अशा लाटत होता की बाया कामं टाकून बघत बसल्या.

“लालासाहेब, डाळ हलवा,” तो म्हणाला. “तोंड नंतर.”

“बघा!” लालासाहेब खूश होऊन म्हणाले. “घरच्यावानी बोलतोय.”

येळवण्याच्या आमटीचा वास मारुतीपर्यंत गेला. पंगत देवळाच्या पारापासून थेट ओढ्यापर्यंत बसवायची, असं पाव्हण्यानंच सांगितलं. एवढी लांब कशाला, हे कुणी विचारलं नाही. पोळ्या गरम होत्या.

बनुबाई पारापाशी आली. हातात फडकं नव्हतं. ती पहिल्या पत्रावळीवर बसली, पोळी मोडली, आमटीत बुडवली. आक्काताई खांबाआडून आजीच्या तोंडाकडं बघत होती.

“मीठ बरूबर हाय,” बनुबाई म्हणाली.

तिच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच. पाव्हण्यानं हात पुसले आणि कागदावर सही केली. आक्काताई ओरडली, “आबा!” महिनाभरानंतरचा पहिला शब्द. नानासोंच्या अंगात वारं शिरलं. ते तिथंच उभं राहून भाषण करू लागले.

“मंडळी, शेवटी रक्त बोलतं! हात भावकीचा, म्हनून तर माझी आई जेवली. परक्याच्या हाताला ही चव यील का? सांगा!”

“आमच्या तुकडीचा हात!” लालासाहेबांनी भरल्या तोंडानं दुरुस्ती केली.

“चला अर्जुनराव,” नानासो म्हणाले, “तुमच्या घराची जागा दावतो. मारुतीच्या मागं.”

“माझं घर मारुतीमागं न्हाई, नानासो,” पाव्हणा शांतपणे म्हणाला. “ओढ्यापल्याड, म्हारवाड्यात, चिंचंखाली. माझा बा गावचा येसकर. तुमच्या बारशाची दवंडी त्यानंच दिल्याली.”

लालासाहेबांचा घास तोंडातच राहिला. नानासोंनी भीत भीत आईकडं पाहिलं.

बनुबाईनं पत्रावळ पुढं सरकवली.

“मला रं काय सांगतोस? ओंजळ धरलीस तवाच वळखलं. लय वर्सं वरनं पानी वतलंय तुज्या हातावर,” ती म्हणाली. “वाढ रं अर्जुना, आजून एक पोळी.”