ठकूचा डोह

लढाईचे दिवस. तिसगावच्या बाजारात रॉकेल मिळालं नाही, म्हणून सासू-सुना रिकामी बाटली घेऊन घरी निघाल्या होत्या. ओढ्याच्या वळणावर राहीबाईनं एका गाडीवानाला थांबवलं.

"दादा, त्या खालच्या पाण्याला काय म्हनत्यात?"

"ठकूचा डोह," म्हणत त्यानं बैल हाकले.

मागून आलेल्या धनगरालाही तिनं तेच विचारलं. तोही तेच सांगून गेला.

नवी सून वैतागली. "आत्याबाई, सारा जल्म इथं गेला तुमचा, अन् डोहाचं नाव लोकांना इचारता?"

"त्यात माझी लेक बुडाली, पोरी. मला वाईट वाटंल म्हनून घरात कुनीच तिचं नाव काढत न्हाई."



मग राहीबाई रस्त्याकडं बघत म्हणाली, "जरा थांब. आनिक एक गाडी येतीया."