रविवारची किटली

मुलाने दूरच्या शहरात बसून आईबाबांचं घर आपल्या मोबाइलच्या कॅलेंडरला जोडून टाकलं. रविवारी संध्याकाळी त्यात 'आईला फोन' ही नोंद आली, की इकडे टीव्ही आपोआप बंद व्हायचा, सोफ्याजवळचा दिवा लागायचा आणि बाबांनी दुपारीच भरून ठेवलेली चहाची किटली उकळायला लागायची. सगळं अगदी वेळच्या वेळी. फोन करायचं तेवढं पोरगं कामाच्या रगाड्यात साफ विसरायचं.

टीव्ही मात्र तासभर काही केल्या चालू होत नसे. सुरुवातीला आई मोबाइलकडे डोळे लावून बसायची आणि बाबा रिमोट आपटत चरफडायचे. एका रविवारी, नुसतं एकमेकांचं तोंड किती बघायचं म्हणून, बाबांनी कपाटातून पत्ते काढले.

परवा मात्र चक्क ठरल्या वेळी फोन वाजला. आईने हातातले पत्ते छातीशी धरूनच तो कानाला लावला.



"उद्या कर रे राजा. आत्ता तुझ्या फोनची वेळ आहे, आठवड्यातून तेवढीच काय ती आम्हाला निवांत मिळते."