'कला:' कुठे जाते

कुडवा गावातल्या घरी साक्षी वडिलांच्या, भैयालाल गुरुजींच्या, रानभाज्यांच्या नोंदी वेबसाईटवर चढवत होती. गुरुजींनी वीस वर्षं साध्या टाईप केलेल्या फायली ठेवल्या होत्या आणि लिंकच्या खुणा स्वतःच्या मनानं ठरवल्या होत्या. 'फोटो:' लिहिलं की फोटो, 'पान:' लिहिलं की दुसरी नोंद. तेवढं कॉम्प्युटरला शिकवून झालं. पण जवळजवळ प्रत्येक भाजीखाली 'कला:' होतं, आणि तिथे येऊन तो अडत होता.

"बाबा, या नावाची फाईलच नाही. 'कला:' कुठे जाते?"

"कुठी जाते म्हंजे?" गुरुजी गोंधळले. "सैपाकखोलीत जाते. मले समजलं नाही का तिथं तुह्या मायच्या नावाची खूण करो, अन् तिले इचारून लिवो."

"म्हणजे पातूर कधी खुडायचा, तरोटा कसा रांधायचा, सगळं आईनं सांगितलेलं?"

"मंग? मले त्यातलं काय समजते?"

साक्षीनं पान वर सरकवलं. "अन् वर लेखक म्हणून मी तुमचं नाव टाकून राहिली होती."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले,

"तिथं बी 'कला:' लिवून दे."