हलकं चाक

“हलकं नको. भारी दाखव,” राघो म्हणाला आणि फळीवर मांडलेल्या चाकांवरून त्यानं नजर काढून घेतली.

कोपरीच्या भिवाजी कोळ्यानं कपाळाला हात लावला. इतकी वर्षं दुकान चालवलं, पण असलं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. शर्यतीची गाडी, आणि म्हणे चाक भारी! “अहो राघोशेठ, अलॉय व्हील घ्यायचं ते हलकं म्हणूनच ना? हे बघा, जपानी हाय. एका हातानं उचला. गाडी अशी सुटंल, की मागचे धूळ खात बसतील.”

“मना ते नको. ते कोपऱ्यातलं दाखव.”

कोपऱ्यातली चाकं रुंद होती, चकचकीत होती. त्यांत बघून भांग पाडावा.

“शेठ, ती वरातीच्या गाडीला लावतात. वजनाला धोंडा. नुसता देखावा.”

“तीच दे.”

राघोला चाकातलं कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, हीच तर खरी मेख होती. तरुणपणी त्याचा छकडा कल्याणच्या पंचक्रोशीत कुणाला हार जात नसे. शर्यतीआधी तो छकड्याचं चाक तासून तासून इतकं हलकं करी, की लोक म्हणत, राघो चाक करतोय की पापड लाटतोय? जड चाकानं बैलाची उडी मरते, तशी मोटारीचीही मरणार, हे तो पक्कं जाणून होता. म्हणूनच तो आज जड चाक मागत होता.

झालं होतं असं. आंबिवलीचे पाहुणे त्याच्या लेकीला, उत्तराला, बघून गेले. घर तालेवार, मुलगा बँकेत. पसंतीही आली. फक्त जाताना मुलाच्या मामानं राघोला बाजूला घेतलं. “पोर चांगली हाय. पन बाईमानसानं मोटारी पलवायच्या म्हंजे जरा हलकं दिसतं. तेवढं बंद करा.” हलकं! तो शब्द राघोच्या डोक्यातून जाईना. त्याची बायको चंद्रभागा म्हणाली, “अशी सोयरीक परत चालून यायची नाय.” पोरीला तोंडावर नाही म्हणायची राघोची छाती नव्हती. मग त्यानं शक्कल काढली. चाकंच अशी बसवायची, की चार शर्यती हरून ती आपणहून थांबेल. साप मरावा आणि काठीही मोडू नये. परतताना आंबिवलीला थांबून होकार द्यायचा होता. नारळ आणि पेढे सकाळीच डिकीत ठेवले होते.

आणि पोर तरी कशी! बाहेर तिची लाल झेन उभी होती, इंजिन खोलून शर्यतीसाठी तयार करून घेतलेली. मागच्या शर्यतीत दगडावर आदळून पुढचं चाक वाकलं. दुसरा कुणी असता तर गाडी बाजूला घेऊन नशिबाला शिव्या देत बसला असता. हिनं ते लंगडं चाक तसंच दामटलं, स्टिअरिंगशी झोंबत गाडी शेवटपर्यंत आणली आणि तिसरी आली. उतरली तेव्हा नखशिखांत धूळ, दात तेवढे पांढरे. राघो पत्र्याच्या पिंपावर चढून असा ओरडला होता, की नंतर त्याला खुणा करून चहा मागावा लागला. अशी पोर दहा गावं धुंडाळून सापडली नसती, आणि हे राघोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तरा हात पुसत आत आली. भिवाजीनं लगेच गाऱ्हाणं घातलं. “ताई, तुमीच सांगा यांना. शेठ वरातीची चाकं मागतात. गाडी बसंल ना जागेवर!”

उत्तरानं जपानी चाक उचललं, फिरवलं, त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा नुसता उजळला. मग तिनं चकचकीत चाक उचलून पाहिलं, तर दोन्ही हात लावावे लागले. तिनं बापाकडे बघितलं. राघो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

तिनं जपानी चाक हळूच फळीवर परत ठेवलं.

“भारीच बसवा, काका,” ती म्हणाली. “आप्पा बोलले म्हणजे त्यात कायतरी असणार. लहानपणी मी त्यांच्या छकड्यावर डोळे मिटून बसायचे. त्यांनी लावलेलं चाक मी कधी तपासत नाही.”

राघोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर त्याच्या भरवशावर हरायला निघाली होती, तीही हसत. भिवाजी मान हलवत कोपऱ्याकडे वळला.

“थांब रं, भिवाजी.”

राघो पुढं झाला. त्यानं चकचकीत चाक पायानं बाजूला सारलं आणि जपानी चाक एका हातानं उचललं. किती तरी वर्षांनी हाताला तसलं चाक लागलं होतं.

“हे बसव. चारी.”

चाकं बसली. गाडी जमिनीवर टेकली, पण आता निघते की मग, अशी दिसत होती. उत्तरा तिच्याभोवती फिरून फिरून बघत राहिली. राघो तिच्याकडे बघत राहिला.

“बाय, डिकीतला नारल आन. चाकांम्होरं फोडू.”

“तो आंबिवलीच्या पाहुण्यांसाठी घेतलेला ना, आप्पा? मग त्यांना काय देणार?”

“निरोप.” राघोनं नारळ हातात तोलला आणि दगडावर आपटला. पाणी नव्या चाकांवर उडालं. “म्हनावं, आमची पोर लय हलकी हाय. तुमाला पेलायची नाय.”