आर्गॉनचे तीन तास

"काका, काळं काढा आणि निळं लावा," स्वप्ना म्हणाली.

मदतनीस नागोराव पाना हातात घेऊन थबकले. प्रयोगशाळेमागच्या जाळीबंद खोलीतल्या सिलिंडरना बावीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

"काळ्यानं झकास चाललंय की बाई. उगा हा येडा हौलेपना कायको?"

"मॅडमचा हुकूम आहे."

स्वप्नाच्या मार्गदर्शक सत्यवती मॅडम म्हणजे ताकही फुंकून पिणारं माणूस. काळ्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनसोबत स्वप्नाच्या लोखंडी भुकटीवरून गेला, की नळीच्या दुसऱ्या टोकाला पेट्रोलच्या जातीचं इंधन निघत होतं. चार वर्षांत ऐंशी भुकट्या वाया गेल्या, तेव्हा कुठे ही एक्याऐंशीवी लागू पडली. त्या दिवशी यंत्राच्या कागदावर इंधनाची उंच रेघ पाहून नागोरावांनी "आपली पोरगी डॉक्टर होणार" म्हणत मजलाभर पेढे वाटले होते.

मॅडमनी मात्र पेढा खाल्ला आणि पुरावा मागितला. आता कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन सोडायचा. त्यात कार्बन औषधालाही नसतो. रेघ आडवी झोपली, तर शोध खरा. उभी राहिली, तर इंधन नळीतल्या जुन्या घाणीतून येत होतं आणि चार वर्षं मातीत गेली.

नागोरावांनी निळं सिलिंडर जोडलं. स्वप्नाने झडप स्वतः तपासली.

"तीन तास चालंल ना, तासाला एक कागद? मग घरी जाऊन जेवून ये. माय वाट बघत असंल. रेघ मी सांभाळतो."

ती अंबरपेठेला गेली, आईसमोर कसेबसे चार घास गिळले आणि तीन तास भरता भरता रिक्षाने परतली. रस्ताभर तिने मनातल्या मनात हात जोडले होते, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वैज्ञानिक ना ती!

यंत्रातून नुकताच निघालेला कागद लोंबत होता. रेघ ताडासारखी उभी होती.

स्वप्ना स्टुलावर बसली. तिने मॅडमना मेल लिहायला घेतला. पाठवलेला शोधनिबंध मागे घेऊ या, माझी चूक झाली, एवढंच लिहायचं होतं.

नागोराव चहा घेऊन आले. चेहरा नुसता फुललेला.

"बघितलीस? कशी टेचात उभी हाय!"

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "काका, आज ही पडायला हवी होती हो. सपाट झाली असती तर मी जिंकले असते."

नागोरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक चौघडी केलेला कागद काढला आणि तिच्यासमोर उलगडला. त्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी होती.

"तू गेल्यावर पहिल्याच तासाला ही आली," ते खाली मान घालून म्हणाले. "तुझं नुकसान नको म्हनून मी निळं काढून पुन्हा काळंच जोडलं, बाई."